गाडीवर बसून राहिलेला मुलगा: एक प्रकरण अभ्यास

ही केस मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत जवळून बघितली आहे. बाल न्याय मंडळात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या 18 च्या आतल्या मुलांच्या केसेस चालतात तिथे, येणाऱ्या मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत आमची संस्था काम करते, म्हणजे दाखले गोळा करण्यापासून ते मामा-काकांच्या दारात चकरा मारण्यापर्यंत जे लागेल ते. मुलाचं नाव बदललंय, जिल्हा सांगत नाही, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशीलही फिरवलेत. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. पण कायदा नसता तरी मी नाव लिहिलं नसतं. आपण त्याला ओंकार म्हणू.

## पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक शहर, एमआयडीसीला लागून असलेली वस्ती. वडील सेंट्रिंगच्या कामाला जायचे, स्लॅबवरून पडले, कंबर गेली, तेव्हापासून घरीच आणि दारू सुरू. आई सकाळी एका मेसमध्ये चपात्या लाटायची, मग चार घरची धुणीभांडी. धाकटा भाऊ सातवीत. ओंकारने मार्च 2022 ला दहावी दिली आणि गणित, इंग्रजी दोन विषय राहिले. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो हे घरात कुणाला माहीतच नव्हतं, शाळेतून फोन आला नाही, आणि जूनमध्ये बाकीची पोरं अकरावीला गेली तेव्हा हा गाड्या धुण्याच्या सेंटरवर लागला, दिवसाला 200 रुपये.

तिथे गाडी धुवायला येणारा एकजण होता, पंचवीस-सव्वीसचा, वस्तीत त्याला सगळे दादा म्हणायचे. त्याने ओंकारला जुना मोबाईल दिला, रात्रीचं खाणं दिलं, गाडी फिरवायला दिली. आणि एक गोष्ट मला ओंकारच्या आईने नंतर सांगितली ती कधीच विसरत नाही. दादाचा मोठा फ्लेक्स चौकात लागला होता, त्यात खाली 'शुभेच्छुक' म्हणून तीसेक पोरांचे तिकिटाएवढे फोटो असतात ना, त्यात एक ओंकारचा होता. हा आईला संध्याकाळी कामावरून येताना हाताला धरून तिथे घेऊन गेला, दाखवायला. आई म्हणाली, "मॅडम, मला वाचता येत नाही, पण त्याचा फोटो मी लगेच ओळखला, मला पण बरंच वाटलं तेव्हा." दहावीच्या निकालानंतर या मुलाचं कुणी काही चांगलं बोललेलं ही बहुतेक एकच गोष्ट होती.

## काय घडलं

डिसेंबर 2022. रात्री साडेअकराच्या सुमारास बायपासला जोडणारा रस्ता. एका बाईकवर तिघं, चालवायला ओंकार, मागे एक वीसचा आणि एक बावीसचा. दुसरी शिफ्ट सुटून सायकलवर घरी चाललेल्या एका कंत्राटी कामगाराला त्यांनी अडवलं. मागचे दोघं उतरले. मोबाईल मागितला, त्याने दिला नाही, तेव्हा बावीसच्याने कोयता मारला. त्या माणसाने हात मध्ये घातला, डाव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. मोबाईल आणि खिशातले 1,400 रुपये घेऊन तिघं पळाले.

दोन दिवसांनी पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीवरून गाडीचा नंबर मिळाला, गाडी दादाच्या नावावर, आणि गुरुवारी रात्री ओंकारसकट तिघांना उचललं. गुन्हा दाखल झाला भादंवि, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाच्या, 394, 397, 34 खाली. (तेव्हा भारतीय न्याय संहिता आलेली नव्हती, ती 1 जुलै 2024 पासून लागू झाली.)

## पहिला पेच: वय

आधार कार्डावर ओंकारची जन्मतारीख होती 1 जानेवारी 2004. वस्तीत आधारचा कॅम्प लागला तेव्हा ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांचं अंदाजाने वर्ष आणि 1 जानेवारी असं टाकून दिलेलं, अशी कार्डं आमच्याकडे ढिगाने येतात. त्या हिशोबाने तो जवळजवळ 19 चा. मग पोलिसांनी त्याला बाकी दोघांसारखाच धरला, रात्रभर ठाण्यात ठेवला आणि शुक्रवारी दुपारी त्याच दोघांसोबत रिमांडसाठी नेहमीच्या कोर्टात उभा केला.

खरं तर कायदा इथे एकदम स्पष्ट आहे. 18 च्या आतलं मूल असेल तर लॉकअप नाही, बेडी नाही, बाल कल्याण पोलिस अधिकाऱ्याच्या ताब्यात द्यायचं, तोही साध्या कपड्यात हवा, आणि 24 तासांच्या आत बोर्डासमोर, म्हणजे बाल न्याय मंडळासमोर, हजर करायचं. पण मूल आहे हे आधी कुणीतरी म्हणावं लागतं.

ते म्हटलं मॅजिस्ट्रेटनी. त्यांनी तिघांना नाव, वय, मारहाण झाली का असं नेहमीप्रमाणे विचारलं, आणि ओंकार म्हणाला, "सतरावं चालूए." साहेबांनी कागदावरून मान वर काढून त्याच्याकडे बघितलं आणि रिमांड रिपोर्ट बाजूला ठेवला. बाल न्याय कायद्याच्या कलम 9 प्रमाणे कुठल्याही कोर्टासमोर आपण बालक असल्याचा दावा झाला तर कोर्टाने आधी वयाची चौकशी करायची असते. कोर्टात हजर असलेल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, वकीलबाईंनी मला फोन केला तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

वयासाठी कलम 94 चा क्रम ठरलेला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्यात आधार कुठेच नाही. आम्हाला दोन रस्ते दिसत होते. एक म्हणजे सोमवारपर्यंत वेळ मागायचा, नीट दाखला काढायचा, पण तोपर्यंत पोराला ठेवणार कुठे हा प्रश्न होता आणि शनिवार-रविवार मोठ्यांसोबत पोलिस कोठडीत गेला असता तर कोण काय सांगून त्याच्याकडून काय कबूल करून घेईल त्याचा भरवसा नाही. दुसरा, आजच्या आज शाळा गाठायची.

शाळा पाचला बंद होते. मी गाडीवर आणि ओंकारची आई भांडी घासता घासता हात पुसून निघालेली, आम्ही पाचला पाच कमी असताना पोचलो. मुख्याध्यापक गेलेले. क्लार्क कुलूप लावत होते. मी काय सांगितलं ते मला आता शब्दाशब्दाने आठवत नाही, पण आईने फक्त ओंकारचं पूर्ण नाव आणि आडनाव सांगितलं आणि ते म्हणाले, "शेवटच्या बाकावर बसायचा, तो?" आणि त्यांनी कुलूप काढलं, जनरल रजिस्टर काढलं, मुख्याध्यापकांना फोन करून परत बोलावलं, सही-शिक्का होईपर्यंत थांबले. जन्मतारीख एप्रिल 2006. घटनेच्या दिवशी 16 वर्षं 8 महिने.

साहेब तोपर्यंत चेंबरमध्ये होते, उतारा बघून त्यांनी ओंकारला बाकी दोघांपासून वेगळं करायचा आणि बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा आदेश केला. बोर्ड त्या दिवशी बसलेलं नव्हतं, पण बोर्डाच्या एका सदस्यासमोरही मुलाला हजर करता येतं, तसं रात्री सदस्य मॅडमच्या घरी हजर करून निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, पाठवलं. एका क्लार्कने वीस मिनिटं उशिरा घरी जायचं ठरवलं म्हणून हे झालं. त्यांचे आभार मी तेव्हा मानले, पुढे वर्षभराने परत जाऊन मानले.

## दुसरा पेच: कलम 397

आता इथे थोडं कायद्याचं सांगावं लागेल, कारण या केसची दिशा इथे ठरली.

2012 च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर 2015 चा नवा बाल न्याय कायदा आला, 15 जानेवारी 2016 पासून लागू. त्यात गुन्ह्यांचे तीन गट आहेत. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे किरकोळ, तीन ते सात वर्षांचे गंभीर, आणि ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे ते निर्घृण. मूल 16 च्या वर असेल आणि गुन्हा निर्घृण असेल तर कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होतं, म्हणजे त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, कुठल्या परिस्थितीत केलं हे बघून बोर्ड ठरवतं की केस आपल्याकडे ठेवायची की प्रौढासारखा खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयात, म्हणजे सेशन्सला पाठवायची. मग जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षांपेक्षा मोठी आहे पण किमान शिक्षा तेवढी नाही, अशा गुन्ह्यांचं काय? शिल्पा मित्तल प्रकरणात जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते गंभीर धरायचे, निर्घृण नाही, आणि 2021 च्या दुरुस्तीत ते कायद्यातच आलं.

394 म्हणजे जबरी चोरी करताना दुखापत, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे पण किमान काही नाही. म्हणून गंभीर. 397 म्हणजे जबरी चोरीत प्राणघातक शस्त्र वापरणं, त्याला किमान सात वर्षं. म्हणजे निर्घृण. एफआयआरमधला तो एक आकडा राहिला तर ओंकारचं मूल्यांकन होणार, केस सेशन्सला गेली आणि सिद्ध झाली तर 21 व्या वर्षानंतर उरलेल्या शिक्षेसाठी मोठ्यांच्या जेलची शक्यता.

आमच्यात इथे मतभेद झाला, आणि चूक माझी होती हे सांगायलाच हवं. माझं म्हणणं असं की मूल्यांकन होणारच आहे असं धरून तयारी करू, चांगला मानसोपचारतज्ज्ञ गाठू, घरची परिस्थिती, शाळा, दादाचा प्रभाव सगळं नीट मांडू. 2022 च्या जुलैमध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं होतं की हे मूल्यांकन नाजूक काम आहे, बोर्डात मानसशास्त्राची जाणकार व्यक्ती नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावी. माझं सगळं लक्ष तिकडे. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, आधी फिर्यादीचा जबाब वाचा, पान दोन."

मी एफआयआरचा सारांश वाचलेला होता, ज्यात 'तिघांनी संगनमत करून कोयत्याने वार केला' असं आहे. पान दोनवर त्या कामगाराच्या स्वतःच्या बोलण्यात असं होतं: मागे बसलेली दोन मुलं खाली उतरली, त्यातल्या उंच मुलाने कोयता मारला, गाडी चालवणारा मुलगा गाडीवरच बसून होता, त्याने तोंड दुसरीकडे केलं होतं.

397 हे कलम ज्याने शस्त्र वापरलं त्यालाच लागतं, 34, म्हणजे समान हेतूचं कलम, लावून सोबतच्यांवर टाकता येत नाही. फूल कुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या 1975 च्या निकालापासून हे ठरलेलं आहे. म्हणजे गाडीवर बसून राहिलेल्या ओंकारला 394 लागतं, ते लागायलाच हवं, पण 397 नाही. वकीलबाईंनी त्या एका परिच्छेदावर अर्ज केला, सरकारी वकिलांनी विरोध केला, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये बोर्डाने मान्य केलं की प्रथमदर्शनी या मुलाविरुद्ध 397 दिसत नाही. मूल्यांकन झालंच नाही, केस बोर्डाकडेच राहिली.

हे वाचताना एक लक्षात घ्या. दोन बोटं कायमची वाकायची थांबलेल्या माणसाने, वेदनेत, सिव्हिलच्या खाटेवर, जसं झालं तसं खरं सांगितलं. तिघांनी मारलं म्हणाला असता तर कुणी त्याला खोटं पाडलं नसतं. त्याच्या खरेपणावर ओंकारचं पुढचं आयुष्य तोललं गेलं आणि त्या वेळी आमच्यापैकी एकही माणूस त्याला भेटायला गेला नव्हता.

## तिसरा पेच: बेल, आणि राहायचं कुठे

कलम 12 प्रमाणे मुलाला बेल हा नियम आहे, गुन्हा कुठलाही असो. नाकारायची तर तीन कारणं: ज्ञात गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका आहे, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसेल. ओंकारच्या बाबतीत पहिलं कारण खरंच होतं. दादा मोकळाच होता, घटनेच्या वेळी तो तिथे नव्हता म्हणून त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि तो ओंकारच्या गल्लीत चार घरं सोडून राहायचा.

दरम्यान निरीक्षणगृहात काय चाललं होतं ते सांगते. लोक अजून रिमांड होमच म्हणतात, आणि पोरंही. पहिल्या आठवड्यात भेटायला गेले तर हा नवीन आलेल्या मुलाला सांगत होता, "मी 397 वाला." तिथे पोरं एकमेकांना कलमाच्या आकड्याने ओळखतात, 302 वाल्याला जेवायच्या रांगेत पुढे जागा मिळते, 379 वाला, म्हणजे साधी चोरी, मागे. ज्या आकड्यातून त्याला बाहेर काढायला आम्ही धडपडत होतो तोच त्याला तिथे मान देत होता. फ्लेक्सवरचा फोटो आणि हा आकडा, मला दोन्ही एकच वाटले. त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं की याला तिथून लवकर बाहेर काढायला हवं.

तीन पर्याय होते. घरी सोडायचं, पण मग दादा. तिथेच ठेवायचं, निदान दादापासून लांब, पण मग 397 वाला. किंवा तिसरा, दुसऱ्या तालुक्यात मामाकडे, परिविक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे सुटलेल्या मुलावर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरच्या, देखरेखीखाली. मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की भरून द्यायचे. मामा लगेच हो म्हणाले. मामी गप्प. नंतर चहा द्यायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "ताई, माझी पोरगी आठवीत आहे, घर दोन खोल्यांचं, उद्या काही झालं तर?" या प्रश्नाला मी त्यांना समजावत बसले नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. त्यांनी स्वतःच दोन दिवसांनी फोन करून सांगितलं की पोरगा दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपेल, जेवायला घरी येईल, आणि दारू-मित्र काही दिसलं तर त्याच दिवशी परत. ही अट आम्ही जशीच्या तशी परिविक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालात घातली. मला वाटतं बोर्डाला पटलं ते याच वाक्यामुळे, कारण घरात ठेवून घेणाऱ्या बाईने तिचा विचार करून अट घातली होती.

17 व्या दिवशी बेल झाली, 15,000 च्या जामीनदारावर. जामीनदार कुठून आणणार? आई ज्या घरी काम करते तिथे तिने विचारलं, त्यांनी त्या महिन्यापासून काम बंद केलं. कलम 12 मध्येच आहे की सात दिवसांत अट पूर्ण झाली नाही तर मुलाला परत बोर्डासमोर आणून अट बदलता येते, तसा अर्ज केला, आईच्या वैयक्तिक बंधपत्रावर सुटका झाली. एकूण 25 दिवस. यातले शेवटचे आठ दिवस निव्वळ पैशासाठी गेले, आणि तो अर्ज मी पहिल्याच दिवशी तयार ठेवायला हवा होता.

## मध्येच घसरला

मे 2023. मामाकडे चांगलं चाललेलं. जुनी तार काढणं, स्लॉट साफ करणं, कॉइलचे वेढे मोजणं, मामा म्हणायचे याचा हात स्थिर आहे. मग एका सकाळी परिविक्षा अधिकाऱ्यांचा फोन, त्यांनी एक रील पाठवली. दादाचा वाढदिवस, रस्त्यावर टेबल, केक, आणि मागच्या रांगेत ओंकार. बेलची अट होती की त्या वस्तीत जायचं नाही.

अधिकारी भले माणूस, पण दोन तालुके एकटे बघतात. त्यांच्यासमोर आणि आमच्यासमोर प्रश्न तोच: बोर्डाला सांगायचं का? सांगितलं तर बेल रद्द होऊन परत निरीक्षणगृह. नाही सांगितलं, तर पुढच्या वेळी पोलिस तीच रील घेऊन येतील आणि आमच्या अहवालावर कुणी परत विश्वास ठेवणार नाही. आमच्या संस्थेत दोन तट पडले, एका सहकाऱ्याने तर मला सरळ सांगितलं की तू पोराला परत आत घालतेयस. शेवटी आम्ही स्वतःहून सांगितलं, पण आधी ओंकारशी बोलून.

तो दुकानाच्या मागे मोटरींच्या राशीवर बसलेला. बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "नाही गेलो तर ते घरी जाणार होते मॅडम. बारक्याला शाळेतून आणताना मागं लागले होते दोनदा." बारका म्हणजे धाकटा भाऊ. आम्ही सगळे ओंकारला दादापासून लांब नेण्याच्या नादात होतो आणि आई, वडील, बारका चार घरांच्या अंतरावरच होते.

बोर्डासमोर त्याने हे सांगितलं. सदस्य मॅडमनी त्याला फक्त एवढंच विचारलं की केक खाल्लास का, तो म्हणाला नाही, आणि मग पहिल्यांदा तिथे रडला. बेल कायम राहिली, अट बदलली: दर पंधरा दिवसांनी आईने मामाकडे यायचं, ओंकारने वस्तीत जायचं नाही, आणि पोलिसांना दादाच्या बाबतीत कलम 83 बघायला सांगितलं. या कलमाच्या दुसऱ्या भागात, जो मोठा माणूस मुलांना बेकायदेशीर कामासाठी वापरतो त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. शिवाय गाडी त्याच्या नावावर आणि चालवणारा अल्पवयीन, मोटार वाहन कायद्याच्या 199अ खाली मालकावर वेगळी केस होऊ शकत होती. दोन्हीपैकी एकही झालं नाही. ओंकारने दादाचं नाव लेखी द्यायला नकार दिला, आणि बारका त्याच शाळेत जात असताना त्याने ते द्यावं असा हट्ट मी पण धरू शकले नाही.

## निकाल

चौकशी चार महिन्यांत संपायला हवी, वाढवली तर आणखी दोन. इथे मुदतवाढी घेत घेत अकरा महिने लागले, साक्षीदार वेळेवर येईनात. नोव्हेंबर 2023 मध्ये बोर्डाने ओंकारचा सहभाग सिद्ध धरला आणि कलम 18 खाली आदेश दिला: एक वर्ष मामाच्या ताब्यात चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर, समुपदेशन, आणि बारा रविवार सामुदायिक सेवा.

सेवा कुठे यावर पण विचार झाला. मंदिर झाडायला लावायचं असं एकाने सुचवलेलं. परिविक्षा अधिकाऱ्यांनी तालुक्याच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा सुचवली, तिथे तुटके बेंच ढिगाने पडले होते. स्क्रू, फळ्या, रंग, तेवढं त्याला मामाच्या दुकानामुळे येत होतं. बारा रविवारांत 31 बेंच उभे राहिले. पहिले दोन रविवार तो तोंडाला रुमाल बांधून गेला, कुणी ओळखू नये म्हणून. तिसऱ्या रविवारी रुमाल नव्हता.

त्याच वर्षीच्या पुरवणी परीक्षेत इंग्रजी सुटलं. गणित राहिलंय, अजून राहिलंय.

## आज

ओंकार आता 19 चा आहे, मामाकडेच, महिन्याला ठराविक पगारावर. आई आणि बारका 2024 मध्ये त्याच गावात भाड्याने राहायला आले, वडील आले नाहीत. कलम 24 प्रमाणे या गुन्ह्यामुळे त्याला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट व्हायला हवं. बोर्डाकडून तसं पत्र आम्ही घेतलं. तरी गेल्या गणपतीच्या आधी मामाच्या दुकानात बीटवरचा हवालदार आला आणि 'रेकॉर्डवरची पोरं' म्हणून ठाण्यात हजेरीला बोलावून गेला. आम्ही ते पत्र घेऊन गेलो, हजेरी टळली, पण ठाण्याच्या यादीत नाव अजून आहे. ते काढायचा अर्ज चालू आहे.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधीचं जून 2022 मधलं. एका नापास मुलाला पुरवणीचा फॉर्म भर म्हणून एक फोन. हे आमच्या हातात नव्हतं, पण आता आम्ही वस्तीतल्या दोन शाळांकडून निकालानंतर नापास मुलांची यादी घेतो आणि घरोघरी जातो.

बेलच्या वेळी फक्त मुलाचा विचार केला, घराचा नाही. बारक्याच्या शाळेची सोय, आईचं गेलेलं काम, हे डिसेंबरमध्येच बघायला हवं होतं, मेमधली रील त्यामुळेच झाली असं मला वाटतं. तज्ज्ञ शोधायच्या आधी मूळ जबाब पूर्ण वाचायचा, हे मी आता नव्या कार्यकर्त्यांना पहिल्या दिवशी सांगते.

आणि तो कामगार. त्याच्याकडे मी गेले ते 2025 मध्ये, घटनेला दोन वर्षं उलटून गेल्यावर. भाड्याची खोली, बायको शिलाई करते. जखमेनंतर तीन आठवडे काम बंद, कंत्राटी असल्याने पगार नाही, आणि दोन बोटं वळत नाहीत म्हणून प्रेस मशीनवरून काढून झाडलोटीला टाकलं, पगार कमी. मी कोण ते सांगितल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "त्या पोराकडून पण निबंध लिहून घेतला का?" पुण्याचं पोर्शे प्रकरण मे 2024 चं, 300 शब्दांच्या निबंधाच्या अटीवर आधी बेल झालेली, ते सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. त्याने मनापासून विचारलं होतं, म्हणून मी सगळं सांगितलं, निरीक्षणगृहाचे 25 दिवस, बारा रविवार, बेंच. त्याच्या जबाबामुळे काय झालं तेही. तो म्हणाला, "मी जे बघितलं ते सांगितलं." मग थोड्या वेळाने, "मला कुणी काय झालं सांगायलाच आलं नाही, पोलिस नाही, कोर्ट नाही."

गुन्ह्यातल्या पीडितांसाठी राज्याची भरपाई योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो, म्हणजे ज्या ऑफिसने ओंकारला फुकट वकील दिला त्याच ऑफिसकडे. दोन वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या ऑफिसच्या पायऱ्या ओंकारसाठी कितीतरी वेळा चढले होते आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

अर्ज भरलाय. उशीर झाल्याचं कारण वेगळं जोडलंय. मिळेल की नाही हे वकीलबाई सांगत नाहीत. सिव्हिलमधून जखमेच्या प्रमाणपत्राची आणि बोटांच्या अपंगत्वाच्या तपासणीची कागदं यायची आहेत, त्यासाठी मंगळवारी सकाळी नऊला त्याच्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभं राहायचंय.